अक्काचा मुराळी

२२ मार्च, बुधवार. गुढीपाडवा.
नवं वर्ष, नवी डायरी. ही कुणी वाचण्यासाठी नाही, त्यामुळे इथे नम्रपणाची गरज नाही. तर मी, रुपचंद बोरसे, मूळ भडगावचा, हल्ली मुक्काम जळगाव, पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त, याने एक शोध लावला आहे. जगातल्या सगळ्या भाषा आपल्या अहिराणीतून निघाल्या.

पुरावा आज सकाळीच सापडला. आमच्या मुलाने, राजदीपने, मागे पुण्याहून आला तेव्हा मोबाइलमध्ये भाषा शिकायचं ॲप टाकून दिलं होतं, पप्पांचा वेळ जावा म्हणून. त्यात चिनीचा पहिला धडा लावला. 'आहे' म्हणायला चिनी माणूस जो आवाज काढतो तो 'श', 'शी' आणि 'शे' यांच्या मध्ये कुठेतरी आहे. आणि आपण भडगावला काय म्हणतो? शे. घर शे, गाव शे, बठ्ठं शे, म्हणजे सगळं आहे. अंगावर काटा आला.

सुनंदाला सांगितलं. ती स्टुलावर चढून गुढीला साखरेची गाठी बांधत होती. म्हणाली, स्टूल धरा आधी, हलतंय.

संकल्प: रोज चार तास संशोधन. दुपारची झोप कायमची बंद.

दुपारी जरा आडवा झालो होतो, पण विचार चालू होता.

२५ मार्च, शनिवार.
आज घरच्याच नात्यांपासून सुरुवात केली. जपानीत 'आई' म्हणजे प्रेम. यापुढे वेगळा पुरावा कशाला हवा? जॉर्जिया देशात 'मामा' म्हणजे वडील. पोलंडमध्ये 'पानी' म्हणजे बाईमाणूस. जपानीत 'नाना' म्हणजे सात.

नानाचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. नाना माझा मोठा भाऊ. लग्न केलं नाही, आयुष्यभर आमच्यातच राहिला, सायकलचं दुकान चालवलं, दिवाळीनंतर गेला. टीव्हीच्या वर त्याचा फोटो आहे. नाना असता तर म्हणाला असता, सात तर सात, पण चहा कर. त्याला संशोधनाची आवड नव्हती.

सुनंदा फोटो पुसत होती. म्हणाली, या वर्षी अक्कांचे मुराळी तुम्ही.

हे लक्षात होतंच माझ्या.

२९ मार्च, बुधवार.
मुराळीचं इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल आणि संशोधनाला जागा होईल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात. पण आपल्या पायांनी येत नाहीत. भावाने जाऊन आणायचं. आणायला जातो तो मुराळी. बहीण सोळाची असो की सत्तरीची, मुराळी आल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

अक्का, म्हणजे आमची भागाबाई, दोंडाईचाला दिलेली. मुलंबाळं, नातवंडं, सगळं आहे. पण आखाजी आली की ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते. आजवर नाना जायचा. पायजमा कडक इस्त्रीचा, हातात बत्ताशांची पिशवी, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी अक्काला घेऊन परत. एकही आखाजी चुकवली नाही त्याने. गुडघे गेल्यावरसुद्धा गेला.

अर्थात नानाला दुसरं काम नव्हतं.

३ एप्रिल, सोमवार.
अक्काचा फोन. कुरडया घातल्या म्हणाली, पापड व्हायचेत.  मग म्हणाली, औंदा नानाच्या नावाची घागर पहिल्यांदाच भरायची, त्या घागरीत तिला स्वतःच्या हाताने पाणी ओतायचं आहे. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात, वर कैरी आणि डांगर ठेवतात. डांगर म्हणजे खरबूज. तेवढ्यासाठी तरी मला ने, म्हणाली. मी म्हणालो, अगं सांगायचं काय त्यात, मी स्वतः येतो.

मी स्वतः जाणार. अधोरेखित करतो.

दुपारी झोपलो नाही. फक्त बसल्या बसल्या डोळा लागला, ते वेगळं.

४ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.
मोठी बातमी. धुळ्याहून भिकनचा फोन. भिकन आणि मी खात्यात शेजारशेजारच्या टेबलांवर होतो. निवृत्तीनंतर त्याने तिकडे अहिराणी भाषेसाठी मंडळ काढलं आहे. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार तोच, त्यामुळे निर्णय झटपट होतात. माझ्या शोधाबद्दल त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, भाषण ठेवू. विषय: 'अहिराणी, जगातल्या भाषांची आई'.

नशीब बघा. वाचनालयाचा हॉल, पंखे आणि माइकसकट, २२ एप्रिलला मोकळा. ईदची सुट्टी आहे, त्या दिवशी तिथे कुणीच येत नाही. भिकन म्हणाला, असा हॉल परत मिळणार नाही. मी ताबडतोब हो म्हटलं.

५ एप्रिल, बुधवार.
सकाळी सुनंदाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि २२ तारखेवर बोट ठेवलं. बोट तिथेच ठेवून चहा प्यायली.

२२ ला आखाजी आहे.

मला माहीत होतं. तारीख मी मुद्दाम निवडली. अहिराणीचं भाषण अहिराणीच्या सगळ्यात मोठ्या सणाला नाही तर कधी द्यायचं? सगळे अहिराणी लोक त्या दिवशी एकत्रच असतात. कुठे एकत्र असतात, असं सुनंदाने विचारलं. आपापल्या घरी, असं तिनेच उत्तर दिलं. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

प्लॅन पक्का: २१ ला सकाळच्या गाडीने दोंडाईचा, संध्याकाळपर्यंत अक्काला घेऊन जळगाव. २२ ला सकाळी अक्काच्या हाताने नानाची घागर. मग मी धुळे. एकात एक बसलं सगळं. भिकन म्हणाला, साहेब, असं नियोजन करणारा माणूस खात्यात असता तर धरण वेळेवर झालं असतं. मी खात्यातच होतो.

९ एप्रिल, रविवार.
संकट. राजदीपला फोनवर सिद्धांत सांगत होतो. तो म्हणाला, पप्पा, आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. आणि 'काका' म्हणजे भाऊ. तपासलं. खरं निघालं.

दिवसभर बेचैन. शब्द तोच, अक्षरं तीच, पण अर्थ भलताच. जेवणात लक्ष नव्हतं. वांग्याचं भरीत होतं, दोनदाच घेतलं.

रात्री मार्ग निघाला. भडगावहून आफ्रिका कुठे! एवढ्या लांब जाताना शब्दाचा अर्थ वाटेत बदलणारच. म्हणजे अर्थ जुळला तर पुरावा, आणि नाही जुळला तर प्रवास. आता मला कुणी हरवू शकत नाही. सुनंदा म्हणाली, मग तुम्ही जिंकलात हे तरी कसं कळणार. काहीतरी विचारायचं म्हणून विचारते.

ता. क. फिनलंडच्या भाषेत 'अक्का' म्हणजे म्हातारी, तेही जरा हेटाळणीने. हे अक्काला सांगणार नाही.

सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, आई गेली तेव्हा तुम्ही चौथीत होतात, तुमच्या शाळेचा डबा कोण करायचं, ते त्या फिनलंडवाल्यांना कळवा. मी विषय बदलला.

१४ एप्रिल, शुक्रवार.
भिकनने फ्लेक्सचं डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवलं. जयंतीच्या कामाची गर्दी असूनही फ्लेक्सवाल्याने वेळ काढला. वर मोठ्या अक्षरांत 'भाषामहर्षी मा. रुपचंद बोरसे'. मी भिकनला स्पष्ट सांगितलं की मला असली विशेषणं आवडत नाहीत. मग फोटो बदलून पाठवला, कारण त्यातल्या कोटाचं एक बटण उघडं होतं.

फोटो स्टुडिओत असताना अक्काचे दोन कॉल आले. हनुवटी वर करून बसलो होतो, उचलता आले नाहीत. उद्या नक्की करायचा.

१७ एप्रिल, सोमवार.
अक्काला फोन राहिला. तिनेच केला आणि सुनंदाने उचलला. मी आत भाषण पाठ करत होतो, पण कान तिकडे होता. अक्का विचारत होती, रुपचंदला आता गोड चालतं का, साखर किती आहे. मुराळीला जेवायला काय करायचं त्याची चौकशी. बॅग भरून झाली आहे. गल्लीत बठ्ठ्यांना सांगून टाकलंय की औंदा लहाना भाऊ येतोय, तो मोठा सायेब होता.

सायेब नव्हतो. पण आता भाषामहर्षी आहे, म्हणजे फारसं खोटंही नाही.

एवढा गाजावाजा कशाला करायचा? उगाच माणसावर दडपण येतं.

२० एप्रिल, गुरुवार.
रंगीत तालीम. श्रोते: सुनंदा. भाषण चाळीस मिनिटांचं ठरवलं होतं, चीनमधून बाहेर पडेपर्यंतच तेवढा वेळ गेला. जपान, जॉर्जिया आणि पोलंड उरकून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलो तेव्हा सुनंदा बसल्या जागी झोपली होती. तिची दिवसभराची कामं असतात. माझा घसाही बसला.

आता शांतपणे विचार करायला हवा. उद्या दोंडाईचा म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस गाडीत, ऊन, धूळ. परवा आवाजच नसेल तर? भिकनने फ्लेक्स लावला आहे. शब्द दिला आहे माणसाला.

शब्द अक्कालाही दिला आहे, हे मान्य. पण अक्का घरची आहे.

संध्याकाळी ६. मार्ग निघाला. आपल्या कॉलनीतल्या योगराजची एसी गाडी आहे, भाड्याने चालवतो. त्याला उद्या सकाळी दोंडाईचाला पाठवायचं. बॉनेटवर झेंडूची माळ लावायला सांगितली आहे. सोबत बत्ताशांची पिशवी. नाना बिचारा तिला गर्दीच्या पॅसेंजरमधून आणायचा, मी एसीतून आणतोय. मुराळी म्हणजे शेवटी काय, तर आणण्याची व्यवस्था. काळाप्रमाणे या शब्दाचाही अर्थ बदलला तर बिघडलं कुठे?

सुनंदा काही बोलली नाही. म्हणजे तिला पटलं.

२१ एप्रिल, शुक्रवार. दुपार.
योगराज सकाळी गेला. मी कोमट पाण्याच्या गुळण्या करतोय. अक्काला फोन करून गाडी येतेय म्हणून सांगायला हवं होतं, पण बोलायचं नाही असं ठरवलंय. मेसेज केला. ती वाचत नाही.

संध्याकाळ.
गाडी आली. अक्का नाही आली.

मागच्या सीटवर स्टीलचा मोठा डबा होता, त्याला सीटबेल्ट लावलेला. योगराज म्हणाला, बेल्ट नाही लावला तर गाडी टूंटूं करत बसते. डब्यात सांजोऱ्या. शेजारी कुरडया-पापडांची पिशवी. खाली पायाशी एक डांगर आणि चार कैऱ्या, नानाच्या घागरीसाठी. बत्ताशांची पिशवी तिने ठेवून घेतली.

योगराजला खोदून विचारलं. गाडी गल्लीत शिरली तेव्हा अक्का ओट्यावरच बसलेली होती, नवं लुगडं नेसून, बॅग शेजारी. गल्लीतल्या बायाही होत्या. तिने गाडीचं मागचं दार स्वतः उघडलं आणि आत वाकून पाहिलं. मग पुढचंही पाहिलं. मग योगराजला हात धरून घरात नेलं, पोटभर जेवू घातलं, हे सगळं सामान भरून दिलं. निघताना तो म्हणाला, अक्का, बसा ना, मला तुम्हाला न्यायलाच पाठवलंय. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गाडी मुराळी ऱ्हास का रे भाऊ?" गाडी कधी मुराळी असते का, म्हणे.

सुनंदाने पदराला हात पुसले आणि योगराजला विचारलं, गाडीत डिझेल आहे का. आहे म्हणाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अजून उजेड आहे. बसा, आत्ता जाऊ. मी पण येते."

मी घशाकडे बोट दाखवलं.

योगराज थोडा वेळ थांबला आणि मग घरी गेला.

याला म्हणतात जुन्या लोकांचा हट्ट. एसी गाडी दारात उभी केली तरी प्रथा सोडायची नाही. अशानेच आपला समाज मागे राहिला. सांजोरी एक खाल्ली. दुसरी घशाखाली उतरली नाही, घसा बसल्यामुळे.

२२ एप्रिल, शनिवार. आखाजी. सकाळ.
सहाच्या एसटीने निघतोय. घागरीचं सुनंदा बघेल. मी थांबणार होतो, पण ती म्हणाली, तुम्ही जा. ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मी लगेच निघालो.

त्याच दिवशी, धुळे बसस्टँड.
भाषण झालं. तपशील लिहायला हवेत, कारण नंतर लोक तिखटमीठ लावतात.

फ्लेक्स सुंदर होता. हॉलमध्ये खुर्च्या भरपूर. श्रोते असे: भिकन. वाचनालयाचा वॉचमन. मयुरी मॅडम म्हणून एक बाई, कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतात. आणि मागे चार जण, त्यांना पाहून मला खूप बरं वाटलं. ते चौघे शेवटच्या पंख्याखाली गोल करून बसले होते आणि मध्येच जोरात दाद देत होते. चीनमधून जपानला जाताना लक्षात आलं की ते पत्ते खेळतायत. आखाजीला आपल्याकडे गावोगाव डाव बसतात. वॉचमन म्हणाला, साहेब, बाहेर ऊन फार होतं म्हणून मीच आत घेतलं.

तरी मी पूर्ण बोललो. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. मयुरी मॅडम उठल्या. मला वाटलं आभार मानणार. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला रागावता आलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, दोन अनोळखी भाषांमध्ये सारखे दिसणारे शब्द सापडतातच. तोंड सगळ्यांचं सारखं आणि आवाज मोजके. त्यावरून नातं ठरत नाही. नातं म्हणायचं तर शब्दामागून शब्द एकाच नियमाने बदललेले दाखवावे लागतात. आणि उसना शब्द म्हणायचा तर दोन्हीकडच्या माणसांची ये-जा दाखवावी लागते. तुमच्याकडे ये-जा कुठे आहे?"

मी म्हणालो, अर्थ जुळला नाही तर तो प्रवास. त्या म्हणाल्या, म्हणजे जुळलं तरी तुमचं खरं आणि नाही जुळलं तरी तुमचंच खरं. हेच सुनंदा म्हणाली होती, कांदा चिरता चिरता. मी पाणी प्यायलो.

मॅडमनी घड्याळ बघितलं आणि माफी मागितली. निघावं लागेल म्हणाल्या, आज आखाजी, भाऊ न्यायला आलाय, मी भाषण ऐकायचं म्हणून हट्ट धरला तर तो बाहेर उन्हात मोटारसायकलवर थांबलाय मघापासून. खिडकीतून पाहिलं. एक माणूस सीट तापू नये म्हणून त्यावर रुमाल पसरत होता.

भिकन म्हणाला, घरी चला जेवायला. पण त्याच्याही बहिणी आलेल्या, घर भरलेलं. मी म्हणालो, मला भूक नाही. आता स्टँडवर भेळ खातोय.

समोर दोंडाईचाची बस लागली आहे. अर्धी रिकामी. कंडक्टर दारात उभा राहून ओरडतोय. आत्ता बसलो तर अंधार पडायच्या आत पोचेन. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि डोकं दुखतंय. कपडेही घामाने गेलेत. अशा अवतारात मुराळी शोभत नाही.

बस गेली.

२४ एप्रिल, सोमवार.
परवा घरी आलो तेव्हा नानाच्या फोटोखाली घागर होती. वर अक्काने पाठवलेलं डांगर आणि कैरी. पूजा सुनंदाने एकटीने केली. मी विचारलं, पाणी कुणी ओतलं. ती म्हणाली, अर्धी मी भरली, अर्धी अक्कांसाठी ठेवली होती, त्या फोनवर होत्या तेव्हा त्यांच्या नावाने ओतली.

म्हणजे त्यांचं फोनवर बोलणं झालं. अक्काने माझ्याबद्दल काय विचारलं, हे मी विचारलं नाही.

संशोधन बंद आहे. ॲप रोज आठवण करून देतं, तुम्ही आज सराव केला नाहीत. काल ते काढून टाकलं.

दुपारी झोपायचा प्रयत्न केला. झोप आली नाही.

मला लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

२७ एप्रिल, गुरुवार.
ठरलं. परवा शनिवारी मी जाणार, स्वतः. आखाजी उलटून गेली तरी माहेरपण काही नासत नाही. अक्काला हात धरून आणायचं, आठवडाभर ठेवायचं, आमरस करायचा. ती दोन शब्द बोलेल, मी ऐकून घेईन. बोलूच दे तिला. गल्लीसमोर बोलली तरी चालेल. खरं तर बोललीच पाहिजे.

पायजम्याला इस्त्री केली. डाव्या बाजूला जरा करपला.

२९ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ, परतीची गाडी.
सकाळी दोंडाईचाला उतरलो. बत्तासे घेतले. गल्लीच्या तोंडाशी बेबाबाई नावाची अक्काची शेजारीण नळावर भांडं लावून उभी होती. मला बघताच भांडं सोडून पुढे आली. मी मान खाली घालून तयार झालो. ती म्हणाली, "ताप उतरना का, भाऊ? अक्का सांगे, तुमले जोरना ताप व्हता."

मला काही कळेना. मी म्हणालो, उतरला.

पुढच्या ओट्यावरची म्हातारी म्हणाली, सलाइन किती लावल्या. त्यापुढच्या घरातले आबा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, असा ताप परत फिरतो, सांभाळा, घागरीच्या दिवशी दवाखान्यात म्हणजे वाईटच. सगळी गल्ली माझ्या तापाच्या काळजीत होती. मी जरा वाकून चालायला लागलो. काय करणार.

अक्का दारात आली. गल्लीदेखत माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, आता बरा आहे. बाया पांगल्या तरी हात तिथेच होता.

जेवायला बसलो. आत आमरस केलेला, वास येत होता. नातवंडांच्या ताटात रस, पोळी, कुरडई, भजी. माझ्या ताटात मुगाची पातळ खिचडी. बेबाबाई दारातच ठाण मांडून होती, आजारी माणूस जेवतो किती ते बघायला. अक्काने मला तूपसुद्धा वाढलं नाही. मी खाल्ली खिचडी, सगळी.

दुपारी घर शांत झाल्यावर म्हणालो, अक्का, माले ताप नव्हता.

तिने सुपारी कातरता कातरता सांगितलं, "माले माहीत शे. तुन्हं भाषण व्हतं, सुनंदानी सांगं. गल्लीले काय सांगू? मीच ताप सांगा, ताप लोकेसले समजस."

 पुष्कळ ऐकून घ्यायचं ठरवून आलो होतो.

मग तिने विचारलं, "चांगलं व्हयनं का भाषण?"

मी म्हणालो, व्हयनं.

"मंग बरं," म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच उजळला. पुष्कळ लोक आले होते का, म्हणाली. मी म्हणालो, हॉल थंड होता. टाळ्या पडल्या का, म्हणाली. मागून पडत होत्या, म्हणालो. नाना असायला हवा होता, असं ती म्हणाली आणि डोळे पुसले. त्या क्षणी मला ताप आला असता तर फार बरं झालं असतं.

मी म्हणालो, अक्का, चल, बॅग घे, मी न्यायला आलोय.

बॅग पलंगाखाली होती, अजून भरलेलीच. तिने तिकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही जमणार म्हणाली. आजारातून उठलेल्या भावाकडे कुणी माहेरपण करायला जातं का? लोक म्हणतील, भाऊ अजून खिचडीवर आणि ही निघाली रस खायला. माझी अब्रू झाकायला तिने जे सांगितलं होतं, ते आता तिलाच मोडता येत नव्हतं. पुढल्या आखाजीला ये, म्हणाली. माझ्यासमोर पलंगावर बॅग उघडली आणि एकेक लुगडं काढून पेटीत ठेवलं. तळाशी नानाच्या फोटोला घालायचा हार होता, लोकरीचा, तिने स्वतः विणलेला. तो माझ्या हातात दिला.

स्टेशनवर सोडायला नातू आणि बेबाबाई. खिडकीपाशी बसू नका म्हणाली, वारा लागेल. गाडी सुटेपर्यंत मी आतल्या बाजूला बसलो. सुटल्यावर खिडकीशी आलो आणि कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं.

रात्री, घरी.
बेल वाजवली. सुनंदाने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. मग माझ्याकडे आणि हातातल्या हाराकडे पाहिलं. हार घेतला, स्टुलावर चढून नानाच्या फोटोला घातला. स्टूल हलत होतं, मी धरलं.

खाली उतरून म्हणाली, ताप कसा आहे? अक्काने तिलाही फोनवर सांगून ठेवलं असणार.

मी म्हणालो, आहे अजून.